फोटोतली आई



मूल होत नसलेली बाई चर्चमध्ये येऊन बसते, तेव्हा आपण तिला कोणत्या गोष्टी सांगतो? सारेची सांगतो, हन्नाची सांगतो, अलिशिबेची सांगतो. तिन्ही गोष्टी सुंदर आहेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मी त्या कितीतरी वेळा शिकवल्या आहेत. पण तिन्हींचा शेवट एकच. उशिरा का होईना, कूस उजवते. ज्या बाईची उजवत नाही, तिने त्या गोष्टीत कुठे बसायचं?

माझी मावसबहीण या गोष्टी तेरा वर्षं ऐकत होती. ती नर्स आहे, नवऱ्याबरोबर आयर्लंडला असते. सुट्टीला आली की घरोघरी तेच. कुणी वेलंकणीला जाऊन ये म्हणायचं, कुणी नऊ मंगळवारचा नोव्हेना सांगायचं. इकडे उचगावात मळेकरणी देवीला नवस फेडायला येणारी माणसं आपण बघतोच. आपली नावं वेगळी, पण बाईवरचं ओझं तेच. माझ्या बहिणीने नोव्हेना केले, डॉक्टर केले, पैसा घातला. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "ताई, आता पुरे. आम्ही दत्तक घेतोय. आणि तिकडचंच, आपल्याकडचंच मूल घेतोय."

ही बातमी मी मिस्सा झाल्यावर दोघी-तिघींना सांगितली. त्यात एक वयस्कर बाई होत्या, मनाने अगदी साध्या. त्या म्हणाल्या, "एवढं विमानाचं भाडं भरून यायचं, आणि ते लेकरू कुणाचं काय की?" त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. आपल्या पुष्कळ घरांत हेच बोललं जातं, फक्त हळू आवाजात. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक गोष्ट सांगते, जी आपल्यातल्या तरुणांना बहुधा ठाऊक नसते. आपल्या देशात ख्रिस्ती जोडप्याला मूल कायद्याने दत्तक घेता येईल असा कायदाच कित्येक वर्षं नव्हता. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी. आपण, मुसलमान, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी होता 1890 चा, इंग्रजांच्या वेळचा पालकत्वाचा कायदा. त्याखाली कोर्ट तुम्हाला मुलाचं पालक नेमायचं, आई-बाप नव्हे. मूल सज्ञान झालं की पालकत्व संपलं, आणि वारसाहक्क तर नाहीच. सगळ्यांसाठी एक दत्तक कायदा करावा म्हणून 1972 साली संसदेत विधेयक आलं, ते पुढे मागे घेतलं गेलं. 1980 ला पुन्हा एक आलं, तेही पडलं.

माझ्या लहानपणी आमच्या ओळखीच्या एका गुरुजींच्या घरी अशी मुलगी होती. बाईंनी तिला दुपट्यातली असल्यापासून वाढवलं होतं. गुरुजी गेले आणि त्यांच्या पुतण्यांनी घरासाठी कागद पुढे केले. ती मुलगी दहा दिवस रडली नाही, अकराव्या दिवशी आपली ट्रंक भरून ठेवली. पुढे गावातल्या जाणत्यांनी मध्यस्थी केली आणि घर राहिलं. पण ती ट्रंक मी विसरलेली नाही.

नंतर वारं बदलत गेलं. 1999 साली केरळ उच्च न्यायालयाने ख्रिस्ती आईबापांनी दत्तक घेतलेल्या मुलाचा वारसाहक्क मान्य केला. 2000 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी पालक नेमलेल्या एका ख्रिस्ती जोडप्याला मूल दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. घर आणि आईबाप मिळणं हा त्या मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय. मग बाल न्याय कायदा आला, त्यात 2006 साली दुरुस्ती झाली आणि धर्म कुठलाही असो, दत्तक म्हणजे पूर्ण दत्तक, हे पक्कं झालं. आज 2015 चा कायदा चालतो. 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आपल्या चर्चचा कायदा तर याबाबत आधीपासून स्पष्ट आहे. देशाच्या कायद्याने दत्तक घेतलेलं मूल हे त्या आईबापांचंच मूल, असं कॅनन 110 सांगतो. बाप्तिस्म्याच्या वहीत काय लिहायचं, ही चिंता करणाऱ्यांनी फादरांना विचारावं. उत्तर तयार आहे.

तर बहिणीचं काम सुरू झालं. तिकडच्या समाजसेविका घरी येऊन दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारून गेल्या. तुमचं भांडण झालं की कोण आधी बोलतं, हेसुद्धा विचारलं म्हणे. (लग्नाआधीच्या शिबिरात हा प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही.) दिल्लीच्या 'कारा' या सरकारी संस्थेकडे नाव नोंदलं. त्या वेळी दोघांच्या वयाची बेरीज 86 होती. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 पर्यंतच चालते, म्हणून त्यांच्या वाट्याला दोन ते चार वर्षांतलं मूल येणार हे आधीच ठरलं. बहिणीला थोडं वाईट वाटलं. तान्हं बाळ हातात घ्यायचं तिचं जुनं स्वप्न होतं. मग वाट पाहणं आलं. तीन वर्षं गेली. एका रात्री संगणकावर एक फोटो आला, एक वैद्यकीय अहवाल आला आणि मुलीची माहिती असलेली दोन पानं आली. मुलगी पुण्याजवळच्या एका संस्थेत होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. कायदाही लिहू देत नाही, आणि ते बरंच आहे.

दोघं डब्लिनहून मुंबईला उतरली. मी बेळगावहून रात्रीच्या बसने निघाले. निपाणी, कागल, कोल्हापूर, सातारा, सगळा रस्ता झोप नाही. बरोबर कुंद्याचा डबा आणि रोझरी. माझं काम काय होतं? आमचे जावई गोव्याचे, घरात कोकणी आणि इंग्रजी. बहिणीचं मराठी इतक्या वर्षांत जरा गंजलेलं. आणि मुलीला फक्त मराठी. "तू मधे बस," एवढंच बहीण म्हणाली होती.

जावई क्रिकेटवेडे. पुणे स्टेशनजवळून रिक्षा ससून रुग्णालयावरून गेली, तेव्हा त्यांनी हात करून दाखवलं, "ताई, लिसा स्थळेकर इथली." मला नाव ऐकूनही माहीत नव्हतं. 13 ऑगस्ट 1979 ला पुण्यात जन्मलेली ही मुलगी ससूनच्या आवारातल्या 'श्रीवत्स' या बालगृहात होती. तिथे तिला लैला म्हणत. हरेन स्थळेकर हे मूळ मुंबईचे, त्यांच्या पत्नी स्यू इंग्लंडच्या. दोघं तेव्हा अमेरिकेत राहत होती आणि त्यांनी आधीच बंगळूरची एक मुलगी दत्तक घेतली होती. पुण्याला येऊन त्यांनी तीन आठवड्यांची लैला आपली केली, ती लिसा झाली. पुढे अमेरिका, केनिया आणि शेवटी सिडनी. ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी, दोन्ही करणारी ती पहिली बाई. आणि शेवटचा सामना ती कुठे खेळली? मुंबईला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, 17 फेब्रुवारी 2013 ला. विश्वचषक जिंकून थांबली.

जावई हे सांगत होते ते स्वतःलाच धीर देण्यासाठी. त्यांचे हात थरथरत होते. मला मात्र त्या गोष्टीत दुसरंच काही लागलं. तीन आठवड्यांच्या बाळाला मागचं आठवत नाही. आमची मुलगी सव्वातीन वर्षांची होती. तिला सगळं आठवणार होतं.

संस्थेत पाठवलेला आल्बम तिला रोज दाखवला गेला होता. ही आई, हे बाबा, हे घर, हे बाहेरचं झाड. व्हिडिओ कॉलही झाले होते. आम्ही खोलीत बसलो आणि ती आली, सांभाळणाऱ्या बाईच्या पदराआडून. त्या म्हणाल्या, "बघ, कोण आलंय? आई आलीय ना?" मुलीने माझ्या बहिणीकडे नीट बघितलं. मग आल्बमकडे बोट केलं, "आई तिथं हाय." आणि बहिणीला म्हणाली, "मावशी, खाऊ दे."

संस्थेत तिला जेवू घालणारी, न्हाऊ घालणारी, झोपवणारी प्रत्येक बाई 'मावशी'. चांगल्या बाईला तिच्याकडे तेवढा एकच शब्द होता. आई म्हणजे फोटो. माझी बहीण पाच दिवस आपल्याच मुलीची मावशी होती, आणि मी खरी मावशी असून मला ती काहीच म्हणत नव्हती. माझ्या बांगड्यांशी तेवढी खेळायची. पहिल्या दिवशी ती जावयांकडे गेलीच नाही. संस्थेत पुरुष माणूस दिसायचा तो इंजेक्शनवाला. तिसऱ्या दिवशी ते जमिनीवर पालथे पडून तिच्या लाकडी गाडीचा आवाज काढत होते, तेव्हा तिने येऊन त्यांच्या पाठीवर पाय ठेवला. त्या माणसाने पंधरा मिनिटं हालचाल केली नाही.

पाचव्या दिवशी निघायची वेळ आली. आपण अशा प्रसंगाचं चित्र कसं काढतो? अनाथ लेकराला घर मिळालं, सगळीकडे आनंद. मी तिथे उभी होते. मुलगी किंचाळत होती. तिला सांभाळणाऱ्या बाई हसत हात हलवत होत्या आणि दाराआड गेल्यावर भिंतीला टेकून रडल्या. त्या लेकराने त्या दिवशी आपल्या मावश्या, आपली खाट, खोलीतली बाकीची मुलं आणि वरणभाताचा वास एकदम गमावला. आणि त्याआधी कधीतरी एका बाईने तिला सोडलं होतं, तिची तर आपण नोंदही घेत नाही. म्हणून मला एक मनापासून सांगायचं आहे. दत्तक घेणाऱ्यांना "तुम्ही फार पुण्याचं काम केलंत", "तिला वाचवलंत" असं म्हणू नका, निदान मुलीच्या देखत तरी नको. वाचवलेल्या माणसाला जन्मभर आभार मानत राहावं लागतं. लेकराला तसं राहावं लागू नये. माझी बहीण पुण्य करायला आली नव्हती, तिला मूल हवं होतं.

परतीच्या बसमध्ये मी संत योसेफाचा विचार करत होते. मत्तयच्या शुभवर्तमानात त्याचा एकही शब्द नाही. देवदूत त्याला सांगतो, बाळाचं नाव तू ठेव. यहुदी रीतीत नाव ठेवणं म्हणजे 'हा माझा' असं चारचौघांत म्हणणं. येशू दाविदाच्या वंशातला ठरतो तो या योसेफामुळे, रक्तामुळे नव्हे. वंशावळीचं ते सगळं लांबलचक पान एका दत्तक बापावर येऊन टेकतं. आणि लगेच पुढे काय, तर रातोरात बायको आणि बाळ घेऊन परका मुलूख, परकी भाषा. पोप फ्रान्सिस यांनी 8 डिसेंबर 2020 पासून वर्षभर संत योसेफाचं वर्ष पाळायला सांगितलं होतं, आणि 5 जानेवारी 2022 च्या प्रबोधनात याच योसेफावरून दत्तक घेण्याविषयी ते उघडपणे बोलले. आपण मात्र योसेफाला सुताराचा आणि चांगल्या मरणाचा संत करून कोनाड्यात ठेवलं आहे.

पौल रोमकरांना आणि गलतीकरांना लिहितो की आपण सगळेच देवाची दत्तक लेकरं. दत्तक घेतलेल्या मुलाला वारसा मिळतो, हे त्याच्या रोमन वाचकांना चांगलं माहीत होतं, म्हणून त्याने तोच शब्द निवडला. आपल्याला तो वाक्यांश पाठ आहे. पण शेजारच्या बाकावर दत्तक मूल येऊन बसलं की आपण विचारतो, कुणाचं काय की. त्या दोन गोष्टी एकाच तोंडात कशा राहतात, हे मला कळत नाही. यंदापासून आमच्या वर्गात हन्नाच्या गोष्टीच्या शेजारी मी फारोच्या मुलीची गोष्ट ठेवली आहे, आणि एस्तेरला वाढवणाऱ्या मर्दखयाची. नदीतल्या टोपलीत परक्या जातीचं बाळ पाहून जिच्या पोटात कालवलं, ती बाई आपल्या धर्मातलीही नव्हती.

आता सात महिने झाले. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिकडून अहवाल यावा लागतो. दोन अहवाल चांगले गेले. पहिले दोन महिने ती रात्री उठून दाराशी जाऊन बसायची. आता बसत नाही. 'आई' कधी म्हणाली ते बहिणीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या अहवालासाठी आणि त्या घरासाठी रोझरीत एक गूढ ठेवा, एवढी विनंती.

तिचं मराठी सुटू नये म्हणून बहिणीने माझ्याकडून बडबडगीतं मागवली आहेत. मी आठवड्याला एक फोनवर म्हणून पाठवते. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे आमची कोंबडी ओरडली. गाणं नको, कोंबडीच लाव, असा निरोप आला आहे.

तुमची बहीण,
धर्मशिक्षिका, उचगाव