यावर पुढं काय लावता येईल?

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला कधी नव्हे असा भाव मिळाला. आमच्या पट्टीतून माझ्या गेमिंग कॉम्प्युटरचे पैसे बाजूला निघाले. सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले. हे पैसे परत लवकर येणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळलं.

आमचं घोडं अडलं ते प्रोसेसर आणि मदरबोर्डवर. एकीकडे रायझन ५ ५६००: सहा कोअर, जुनं एएम४ सॉकेट, डीडीआर४ रॅम, सगळं स्वस्त. दुसरीकडे रायझन ५ ७६००: कोअर सहाच, पण नवं एएम५ सॉकेट, बी६५० बोर्ड, डीडीआर५ रॅम, सगळं महाग. पुण्यातला मित्र म्हणाला, "५६०० घे, वाचलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड घे." हिशेब बरोबर होता. गेममध्ये बहुतेक वेळा फ्रेम वाढतात त्या कार्डामुळेच.

आण्णांना दोन्ही पर्याय कागदावर लिहून दाखवले. कोअर-बिअर त्यांनी सोडून दिलं. विचारलं, "यावर पुढच्या साली काय लावता येईल?"

वावरातही त्यांचा हाच प्रश्न असतो. टोमॅटो निघाला की तार-बांबू, मल्चिंग, ड्रिप तसंच ठेवून त्यावर काकडी घ्यायची. खर्च एकदा, पिकं दोन.

एएम४ वर पुढं फारसं काही उरलं नव्हतं. ५८००एक्स३डी आला, तेव्हाच त्या सॉकेटचा शेवट दिसत होता. एएम५ ची सुरुवात होती, आणि किमान २०२५ पर्यंत ते चालवू असं एएमडीनं सांगितलं होतं. शिवाय ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स आतच आहे. ५६०० ला कार्डाशिवाय स्क्रीनच लागत नाही.

७६०० घेतला. कार्डाला पैसे उरले नाहीत. बरेच महिने व्हॅलोरंट सगळी सेटिंग्ज खाली ओढून खेळलो. मित्र नव्या गेमचे स्क्रीनशॉट पाठवायचे, मी बघायचो. कार्ड पुढच्या उन्हाळ्यात आलं, तेही सेकंडहँड.

मित्राला दर महिन्याला पगार होतो. दोन वर्षांनी बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं बदलणं त्याला जमेल. आमच्याकडे पैसा पट्टीनं येतो. तो येतो तेव्हा, जे नंतर बदलायला जड जाईल ते आधी घ्यायचं; बाकीचं सवडीनं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये रायझन ९००० मालिका आली. माझ्या बोर्डावर ती बायोस अपडेट करून चालते. अजून घेतलेली नाही. आण्णा मधूनच विचारतात, "काय रे, अजून पहिलंच पीक?"