किनारा नसलेला समुद्र

समुद्र म्हटला की त्याला किनारा आलाच, असे आपण धरून चालतो. अटलांटिक महासागरात मात्र असा एक समुद्र आहे, ज्याच्या चारही हद्दी पाण्यानेच आखलेल्या आहेत. त्याचे नाव सारगॅसो. पश्चिमेला गल्फ स्ट्रीम, उत्तरेला उत्तर अटलांटिक प्रवाह, पूर्वेला कॅनरी प्रवाह आणि दक्षिणेला विषुववृत्तीय प्रवाह. हे चारही प्रवाह मिळून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल फिरतात आणि मधले पाणी आतल्या आत राहते. बर्म्युडाची चिमुकली बेटे सोडली, तर इथे जमीन नाही.

पाणी गर्द निळे आणि नितळ. त्यावर सोनेरी-तपकिरी रंगाच्या सारगॅसम वनस्पतीचे लांबच लांब पट्टे तरंगत असतात. तिला द्राक्षासारखे हवेने भरलेले फुगे असतात, म्हणून ती बुडत नाही. १४९२च्या सफरीत कोलंबसच्या खलाशांनी ती पाहिली होती. या तरंगत्या झुडपांत बारीक खेकडे, कोळंबी आणि कासवांची पिल्ले आसरा घेतात. युरोप आणि अमेरिकेच्या नद्यांतले ईल मासे अंडी घालायला हजारो मैल पोहून इथेच येतात.

जे पाणी या जिवांना सांभाळून ठेवते, तेच आपला कचराही सांभाळून ठेवते. १९७१ साली वुड्स होल या अमेरिकी संस्थेचे ‘अटलांटिस टू’ हे जहाज इथे आले होते. वनस्पती गोळा करण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात वारंवार प्लॅस्टिकचे कण येऊ लागले. एडवर्ड कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते मोजले. सरासरी दर चौरस किलोमीटरला सुमारे ३,५०० तुकडे. १९७२ साली हा अहवाल ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. म्हणजे ही खबर जगाला पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

पुढे हे मोजण्याचे काम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केले. सी एज्युकेशन असोसिएशन ही अमेरिकी संस्था शिडाच्या जहाजांवर विद्यार्थ्यांना समुद्र शिकवते. त्यांच्या ‘कॉर्विथ क्रेमर’ या जहाजाची लांबी १३४ फूट. शिडे ओढणे, सुकाणू धरणे, भटारखान्यात हात लावणे, सगळे मुलामुलींनीच पाळीपाळीने करायचे. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत जहाजावर नोकरी करणारे मामू-चाचा असतात. ‘वॉच’ म्हणजे काय, हे त्या घरांत समजावून सांगावे लागत नाही.

दिवसातून दोनदा, साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास, जाळे पाण्यात सोडतात. त्याचे तोंड एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. भोके मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. जहाजाचा वेग अगदी कमी करून अर्धा तास ते पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचे. मग वर घेऊन धुवायचे, सारगॅसमची फांदी न् फांदी झटकायची आणि चिमट्याने एकेक तुकडा वेगळा काढून मोजायचा. जहाज डोलत असते, झोप अपुरी झालेली असते. तरी आकडा नोंदवायचाच. काही सापडले नाही, तर शून्य लिहायचे. शून्यही नोंदच असते.

१९८६ ते २००८ या २२ वर्षांत अशी ६,१०० हून अधिक जाळी ओढली गेली आणि ६४,००० हून जास्त तुकडे हाताने वेचले गेले. कारा लॅव्हेंडर लॉ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हा हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त जाळ्यांत प्लॅस्टिक होते. १९९७ साली तर अर्ध्या तासाच्या एकाच खेपेत हजारावर तुकडे आले. बहुतेक तुकडे एक सेंटिमीटरपेक्षाही लहान.

लोकांना वाटते, तिथे कचऱ्याचे बेट असेल. बेट असते तर सोपे झाले असते. बोटी नेऊन उपसले असते. पण जहाजाच्या कठड्यावरून पाहिले तर समुद्र स्वच्छच दिसतो. ती पाण्यात विखुरलेली भुकटी आहे. ती पकडेल एवढे बारीक जाळे लावले, तर त्यात माशांची अंडी, खेकड्यांची पिल्ले आणि ज्यांवर मासे जगतात ते सूक्ष्म जीवही येतात. विद्यार्थ्यांच्या चाळणीत दोन्ही एकत्रच असतात. चिमट्याने निवडणे नमुन्यापुरते जमते, अख्ख्या समुद्राचे नाही. म्हणून समुद्राच्या मधोमध पोहोचलेले प्लॅस्टिक बहुतांशी गेलेच समजावे. ते अडवायचे, तर नदीत, नाल्यात, गल्लीत.

मुंबईकरांना एक गोष्ट दरवर्षी दिसते. पावसाळ्यात मोठी भरती आली की मरीन ड्राइव्हवर लाटा पिशव्या-बाटल्यांचा ढीग टाकून जातात. आपण नाक मुरडतो आणि पालिकेचे कर्मचारी तो ढीग उचलतात. पण समुद्राने परत केलेला कचरा निदान उचलता तरी येतो. जो परत येत नाही, त्याचे पुढे काय होते, ते सारगॅसोच्या नोंदवहीत लिहिलेले आहे.