हो, नाही आणि एरंडोल

जळगावाहून धुळ्याच्या हमरस्त्याला लागले की पाळधी मागे पडते आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या जमिनीत कपाशी दिसू लागते. सुमारे 30 किलोमीटरवर, अंजनी नदीच्या काठी, एरंडोल येते. पुण्या-मुंबईचा प्रवासी इथे सहसा उतरत नाही. अजिंठा पाहणारा जळगावात मुक्काम करतो, आणि पुढे जाणाऱ्याला धुळे गाठण्याची घाई असते. एरंडोल हे त्याच्या लेखी बसच्या खिडकीतून दिसणारे तालुक्याचे एक गाव.

गाव मात्र जुने आहे. एकेकाळी इथला जाड देशी कागद नावाजलेला होता. कापसाचा आणि धान्याचा व्यापार तर होताच. आणि महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, इथेच पांडव गुप्तपणे राहिले, इथेच भीमाने बकासुराला लोळवले, अशी इथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

माझा मुक्काम होता मावसभावाकडे. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो. पहिल्याच सकाळी ओसरीवर चहा घेत असताना बाहेरून आवाज आला, “दादा घरमा शे का?” वहिनींनी आतूनच उत्तर दिले, “शे.” संपले! अहिराणीतला हा ‘शे’ म्हणजे आपला ‘आहे’. प्रश्नही ‘शे’, उत्तरही ‘शे’. मधला फरक काय तो एका ‘का’चा. तुम्हीआम्ही घरी तेच करतो. ‘जेवलास का?’ – ‘जेवलो.’ ‘भाजी आहे का?’ – ‘आहे.’ ‘हो’ म्हणायचेसुद्धा अडत नाही. क्रियापदच हुंकार भरते.

दुपारी दादाबरोबर त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. म्हणजे पूर्वी दहाव्या-अकराव्या वर्षी होणारी गाठ आता सहाव्या वर्षीच पडते. पण साध्या प्रश्नापाशी मूल अडखळते ते अजूनही अडखळतेच, आणि याचे कारण मुलाच्या बुद्धीत नाही, दोन भाषांच्या स्वभावात आहे.

मराठीत प्रश्न करणे म्हणजे वाक्याला न हलवता त्याच्या टोकाला ‘का’ बांधणे. ‘तू एरंडोलला राहतोस’. ‘तू एरंडोलला राहतोस का?’ इंग्रजीत वाक्याची मांडणीच बदलावी लागते. ‘यू आर टायर्ड’चे ‘आर यू टायर्ड?’ होते, साहाय्यक क्रियापद उठून पुढे येऊन बसते. पण ‘यू लिव्ह इन एरंडोल’ या वाक्यात साहाय्यक कोणीच नाही. मग?

दादाने फळ्यावर न लिहिता शेतातला दाखला दिला. “इज, कॅन, विल हे घरचे सालदार. हाक मारली की पुढे येतात. ज्या वाक्याला सालदार नाही, त्याने काय करायचे? रोजंदार आणायचा. त्याचे नाव ‘डू’. ‘डू यू लिव्ह इन एरंडोल?’ आता ध्यानात ठेवा, रोजंदाराच्या डोक्यावर ओझे दिले की मालकाने रिकामे चालायचे. ‘शी लिव्ह्ज’मधला ‘ज्’ उचलला ‘डज’ने: ‘डज शी लिव्ह?’ ‘यू वेंट’मधला भूतकाळ उचलला ‘डिड’ने: ‘डिड यू गो?’ दोघांनी एकच पोते वाहायचे नाही.”

इतकी वर्षे ‘डिड यू वेंट’ ऐकून कंटाळलेल्या माझ्या कानांना हा दाखला फार गोड लागला. हा रोजंदार इंग्रजांच्या घरीही पूर्वापार नव्हता, हे इथे सांगायला हवे. शेक्सपिअरच्या काळात मुख्य क्रियापदालाच पुढे आणून ‘कम यू फ्रॉम एरंडोल?’ या धर्तीवर विचारण्याची रीत होती, आणि ‘डू’ लावूनही विचारत. पुढे ‘डू’ कायमचा बसला. तेव्हा आपल्या मुलांना जो अवघड वाटतो, तो खुद्द इंग्रजांनाही सावकाशच अंगवळणी पडला.

उत्तर देताना हाच रोजंदार पुन्हा कामाला येतो. ‘डिड यू गो?’ – ‘यस, आय डिड.’ आपण ‘गेलो’ म्हणून अख्खे क्रियापद परत देतो. इंग्रज फक्त साहाय्यकाला परत पाठवतो. इथवर वर्गाची गाडी सुरळीत चालली होती. मग आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या एका मुलाला दादाने विचारले, “डिडन्ट यू कम येस्टरडे?”

मुलगा उठून म्हणाला, “यस सर.”

“अरे, काल आलास की नाही?”

“नाही सर.”

“मग ‘नो’ म्हण.”

“पण सर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, असं मी म्हणतोय!”

वर्ग हसला. मला मात्र त्या पोराची पाठ थोपटावीशी वाटली. व्याकरणाच्या चार पुस्तकांत सापडणार नाही ते त्याने एका वाक्यात सांगितले होते. आपला ‘हो’ विचारणाऱ्याला उद्देशून असतो: तुमचे म्हणणे खरे. ‘काल आला नव्हतास का?’ – ‘हो, नव्हतो आलो.’ इंग्रजीतला ‘यस’ विचारणाऱ्याकडे पाहतच नाही. तो घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. आलो असेन तर ‘यस’, नसेन तर ‘नो’. प्रश्न सुलटा असो की उलटा. म्हणून गैरहजर मुलाने म्हणायचे, ‘नो, आय डिडन्ट.’

आणि आला असता तर? मराठीत तो म्हणाला असता, ‘आलो होतो की!’ हा इवलासा ‘की’ केवढे काम करतो पाहा! नकारार्थी प्रश्नाला खोडून काढून होकार देण्यासाठी जर्मनांकडे ‘डॉख’ आहे, फ्रेंचांकडे ‘सी’ आहे. जुन्या इंग्रजीतही ‘ये’ आणि ‘यस’ असे दोन निरनिराळे होकार होते. साध्या प्रश्नाला ‘ये’, नकारार्थी प्रश्न खोडायला ‘यस’. पुढे ‘ये’ मागे पडला आणि दोघांचे काम एकट्या ‘यस’वर आले.

हा विनोद वर्गापुरता राहिला तर ठीक. पण खानदेश इंग्रजांकडे आला 1818 साली, आणि तेव्हापासून कचेरीत साक्षीदार बोले आपल्या भाषेत आणि साहेबाचे टिपण होई इंग्रजीत. आता कल्पना करा. पिंजऱ्यात या तालुक्यातला एखादा शेतकरी उभा आहे. वकील विचारतो, “तू पैसे घेतले नाहीस ना?” तो मान डोलावून म्हणतो, “हो.” त्याला म्हणायचे आहे, नाही घेतले. कागदावर नुसता ‘यस’ उतरला तर? माणूस खरे बोलूनही खोटा ठरायचा! आजही नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या किंवा परदेशाच्या परवान्यासाठी खिडकीसमोर उभ्या असलेल्या आपल्या मुलामुलींवर हीच वेळ येते. “हॅवन्ट यू एव्हर बीन रिफ्यूज्ड?” – “यस.” मनात एक, कानी पडले भलतेच. गाडीत कोणी नम्रपणे “डू यू माइंड इफ आय सिट हिअर?” विचारतो, आणि आपण प्रेमाने “यस, यस” म्हणतो, तो बिचारा ओशाळून उभाच राहतो. त्याने विचारलेले असते, ‘तुमची हरकत आहे का?’

यावर दादाचा उपाय साधा आहे. नुसत्या ‘यस’-‘नो’वर थांबायचे नाही, शेपटी जोडायची. ‘आय डिड’, ‘आय डिडन्ट’, ‘आय हॅव’, ‘आय हॅवन्ट’. पहिला शब्द चुकला तरी शेपटी खरे सांगते, आणि शेपटी जुळवताना पहिला शब्दही आपोआप सुधारतो. घरोघरच्या आईबापांनी मुलांकडून एवढे जरी घटवून घेतले तरी पुष्कळ झाले.

संध्याकाळी पांडववाड्याकडे गेलो. जुनी दगडी वास्तू. नाव पांडवांचे, आणि मशीद म्हणून तिथे नमाज होत आलेला. वास्तू कोणाची आणि कसली, हा वाद 2023 साली जिल्हाधिकाऱ्यांकडून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. पाहुण्याला गावात हटकून विचारतात, “पांडव इथं राहिले असतील का हो?” प्रश्नाचा घाट हो-नाहीचा, पण एका शब्दात उत्तर देणाऱ्याची जीभ जड व्हावी असा. त्याच पांडवांतल्या थोरल्याची मला आठवण झाली. अश्वत्थामा गेला का, एवढेच द्रोणाचार्यांनी विचारले होते. धर्मराजाने होकार दिला आणि हत्तीचा उल्लेख मात्र पुटपुटला. त्याची शेपटी नीट ऐकू आली असती तर द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले असते का?

दुसऱ्या दिवशी पद्मालयाला गेलो. एरंडोलपासून सुमारे 10 किलोमीटरवर रानात कमळांचे तळे आणि काठी गणपतीचे देऊळ. इथे मूर्ती दोन. एकीची सोंड डावीकडे, दुसरीची उजवीकडे. जवळच भीमकुंड आहे. कमळांच्या पानांवरून वारा येत होता आणि तळ्याकाठी बसून शिदोरीतले वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना व्याकरणाचा पार विसर पडला.

निघताना वहिनींनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातली आणि विचारले, “आता दिवाळीनंतर याल ना?”

“येऊ की!” मी म्हणालो.

दादाचा धाकटा दाराशी उभा होता. त्याला म्हटले, “काय रे, हे इंग्रजीत सांग पाहू.” त्याने क्षणभर विचार केला आणि शेपटीसकट उत्तर दिले, “यस, वुई विल.”

बस आली. वाचकहो, कधी त्या रस्त्याने गेलात तर एरंडोलला जरूर उतरा.