आक्काची पाटी

महाडहून रायगडाकडे निघालं की पाचाडच्या आधी नाते लागतं. गडावर जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. थांबाव्यात असं काही तिथे आहे असा आमचाही दावा नाही. एक अभिमान मात्र आहे. चिंतामणराव देशमुख 1896 साली इथे जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाची सही नोटांवर असायची, हे लहानपणी मी शाळेत इतक्या वेळा सांगितलंय की मुलं मला पाहून पळायची.

असो. सांगायचं होतं ते पाटीबद्दल.

आमच्या नात्याच्या घरावर आजोबांच्या नावाची लाकडी पाटी होती. कोकणातला पाऊस आणि वाळवी यांनी मिळून ती संपवली. काकांचा फोन आला, "तुझ्याकडे ते मशीन आहे ना? नवी करून आण. नाव तेच."

मशीन माझं नाही, मित्राचं आहे. छोटा सीएनसी राऊटर. त्यात व्ही-बिट लावायचं, म्हणजे टोकदार, दोन्ही बाजूंनी निमुळतं कटर. याची गंमत अशी की ते अक्षर एकाच खोलीने कोरत नाही. रेघ रुंद असेल तिथे खोल उतरतं, निमुळती झाली की वर येतं. सुताराच्या पटाशीने कोरलेल्या अक्षराचा तळ जसा धारदार असतो, तसाच इथे मिळतो. हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. 60 अंशांचं बिट 10 मिलिमीटर रुंद शिरोरेघेसाठी 8.66 मिलिमीटर खोल जातं, 90 अंशांचं फक्त 5. सॉफ्टवेअर हे सगळं स्वतः काढतं. आपण फक्त फॉन्ट निवडायचा, असं मला वाटलं होतं.

पहिली पाटी प्लायवूडवर काढून बघितली आणि हसावं की रडावं कळेना. शिरोरेघेत प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक उभा कंगोरा! कारण कळायला दोन संध्याकाळी गेल्या. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या रेघेवर किंचित चढतं. कागदावर छापलं तर काळ्यावर काळं, दिसत नाही. पण बाह्यरेषा काढून मशीनला दिल्या की जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढतात ती जागा त्याला पोकळी वाटते आणि ते ती सोडून देतं. उपाय सोपा. इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं निवडून 'युनियन' करायचं, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच रेघ होते.

लाकूड मात्र घरचंच हवं होतं. माळ्यावर जुन्या दाराची सागवानी फळी होती. लोहचुंबक फिरवून तीन खिळे शोधले आणि काढले. रंधा मारून दोन्ही बाजू अगदी सपाट केल्या, कारण फळी एक मिलिमीटर उंचसखल असली तरी रेघेची रुंदी डोळ्यांना खटकते. उरली 18 मिलिमीटर जाडी. आजोबांचं नाव 60 अंशांच्या बिटने कोरलं. झकास आलं.

महाडच्या स्टँडवर पाटी काखेत धरून रिक्षा केली. नात्यात शिरल्यावर रिक्षावाल्याने पाटीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "कोणाकडे?" मी आजोबांचं नाव सांगितलं. पोराला काही बोध होईना. मग घर कुठे ते सांगितलं. "आक्काकडे होय! मग तसं सांगा ना."

आक्का म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परतली ती कायमची. आजोबा-आजीचं शेवटपर्यंत तिने केलं. कौलं शाकारली, भात लावला, घर उभं ठेवलं. 1994 साली काका आणि बाबांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. तिने सही केली. आता बाबा नाहीत, सातबाऱ्यावर त्यांच्या जागी माझं नाव आहे. आणि मी वर्षातून एकदा आंबे खायला जातो.

आत्याने पाटी मांडीवर घेतली. आजोबांच्या नावावरून बोट फिरवलं. "छान झालीय रे," म्हणाली. "आत्ता हाक मारतील असं वाटतं." बस, एवढंच. चहा टाकायला आत गेली.

पाटी लावली नाही. काहीतरी कारण सांगून परत पुण्याला घेऊन आलो.

मागच्या बाजूला काय कोरायचं ते रिक्षावाल्यानेच सांगितलं होतं. फक्त हिशेब अवघड होता. पुन्हा 60 अंशांचं बिट लावलं असतं तर दोन्ही बाजूंच्या शिरोरेघा समोरासमोर येऊन मध्ये एक मिलिमीटरही लाकूड उरलं नसतं. म्हणून 90 अंशांचं घेतलं. खोली कमी, रुंदी तीच. 'आक्काचं घर'. अनुस्वाराच्या जागी एक छोटा शंकू कोरला गेला, खवल्या हळदीच्या बोटाने दाबल्यासारखा.

काकांना फोन केला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अण्णांचं नाव काढतोयस?"

"नाही काका, आहे तसंच आहे. दुसऱ्या बाजूला."

"आणि घर तिचं, असं लिहितोस?"

"गाव म्हणतं ते लिहितोय."

ते पुढे काही बोलले नाहीत. पाटी म्हणजे सातबारा नव्हे, हे मलाही कळतं. त्यासाठी तलाठ्याकडे जावं लागतं, वकिलाकडे जावं लागतं, आणि त्याआधी काकांसमोर बसावं लागतं. ते मी अजून केलेलं नाही. मशीनवर कोरणं त्या मानाने सोपं होतं.

पाटी पडवीच्या वाशाला दोन साखळ्यांनी टांगायची होती. कुठली बाजू रस्त्याकडे, ते मी आत्यावर सोडलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या, चष्मा पुसला, परत वाचल्या. मग पाटी फिरवून माझ्या हातात दिली.

"अण्णांचं नाव आत घे," म्हणाली. "म्हातारा पावसात भिजायला नको."