गंजात गंज

पंचेचाळिशी आली की माणसाला दोन गोष्टी जडतात. एक साखर आणि दुसरा छंद. साखरेवर निदान गोळी तरी मिळते.

आमच्या शाखेतच पाहा. रोखपालांनी गच्चीवर ड्रॅगन फ्रूट लावले. वर्षभरात फळ एक आले आणि फोटो चारशे आले. कर्जविभागातल्या गृहस्थांनी बासरी धरली आणि त्यांच्या भाडेकरूने घर सोडले. अशा वातावरणात मी घरातले जुने पिस्तूल घासूनपुसून नवे करायचे ठरवले, तर त्यात एवढे दचकण्यासारखे काय होते? पण शब्दाचा दराराच मोठा. 'घरी पिस्तुलाचं थोडं काम आहे' असे म्हणून मी मॅनेजरसाहेबांपुढे उभा राहिलो, तर त्यांनी अर्ज न मागता तीन दिवसांची रजा मंजूर केली. वर विचारले, "पुरेल ना?"

वाचकांनीही दचकू नये म्हणून आधीच सांगून टाकतो. ते छर्र्याचे पिस्तूल आहे. नळी मोडायची, डाळीएवढा शिशाचा छर्रा घालायचा, नळी खटकन बसवायची आणि घोडा ओढायचा. आत दबलेली स्प्रिंग सुटते, हवेला धक्का बसतो आणि छर्रा निघतो. दारू नाही, धूर नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या नळीला आणि २० जूलपर्यंतच्या जोराला परवाना लागत नाही. आमच्या पिस्तुलाचा जोर किती जूल, ते कोणी मोजलेले नाही. पण त्यातून सुटलेला छर्रा एकदा अण्णांच्याच धोतराच्या निऱ्यांत सापडला होता, त्यावरून ज्याने त्याने हिशेब करावा.

अण्णांनी ते १९८८ साली सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतले. दुकानातून नव्हे, फुगे फोडायचा फळा लावणाऱ्या माणसाकडून. त्याचा धंदा बसला होता आणि अण्णांच्या खिशात तुरीचे पैसे होते. आता फुगेवाल्याच्या पिस्तुलाची माशी कधी सरळ असते का? गिऱ्हाइकाचा नेम चुकावा म्हणून ती जन्मतःच तिरकी बसवलेली. नळीवरची कारखान्याची अक्षरे तेव्हाच पुसट झाली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या ह्यूम पाइप कंपनीने सिमेंटच्या नळांबरोबर एके काळी छर्र्याच्या बंदुकाही केल्या, हे पुढे कुठून तरी अण्णांच्या कानावर आले. तेव्हापासून 'आपलं पिस्तूल वालचंदशेटचं' असे ते ठणकावून सांगतात. मी वाद घालत नाही. नळाचा व्यास आणि आमच्या नळीचा नेम यांत काही नाते असावे, असे मलाही वाटते.

घेण्याचा हेतू शेतीविषयक होता. आमच्या सास्तूरला जोंधळ्याचे कणीस दुधात आले की पाखरांचे थवे उतरतात. माळ्यावर उभे राहून आजी गोफणीने त्यांना उडवायची. तिचा धोंडा भणभणत निघाला की निम्मे शिवार मोकळे व्हायचे. अण्णांनी पिस्तूल आणले, चालवले, 'फुस्स' असा आवाज झाला आणि दोन चिमण्या कुतूहलाने जवळ येऊन बसल्या. आजी म्हणाली, "ठिव ते देवळीत. दसऱ्याला हुईल."

आणि खरेच, त्याचा उपयोग दसऱ्यालाच झाला. खंडेनवमीला आजी विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असा सगळा संसार मांडायची आणि मधोमध हे पिस्तूल. ज्या तुळजाभवानीने शिवछत्रपतींना तलवार दिली असे आपण मानतो, ती आमच्याच जिल्ह्यातली. विजापूरची मुलूखमैदान तोफ, तीही १६३२ साली आमच्याच परांड्याच्या किल्ल्यावरून नेलेली. एवढ्या मोठ्या परंपरेत आमच्या घराचा वाटा म्हणून आजी पिस्तुलाला हळदकुंकवाचे चांगले जाड बोट ओढायची. तोफ काशाची, ती गंजत नाही. पिस्तुलाची नळी पोलादाची.

३० सप्टेंबर १९९३. मी सातवीत होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव उशिरा झोपले होते. शेतात डुकरांचा त्रास होता म्हणून अण्णा राखणीला निघाले आणि आजीने मला त्यांच्यामागे पिटाळले, "जा रे बापासंगं, येकटाच हाय त्यो." पिस्तूल घरीच राहिले, रानडुकराला ते दाखवणे म्हणजे त्याची थट्टा. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आम्ही दोघे खोपीबाहेर फेकल्यासारखे पडलो. गावाकडे पाहिले तर गाव दिसेना, नुसता धुरळा.

आमच्याकडची घरे दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाडजूड माळवद. उन्हाळ्यात अशी गार, की पंखा लागू नये. ते सगळे ओझे एकदम खाली आले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. आईला दुपारी जिवंत काढले. आजी निघाली ती तिसऱ्या दिवशी. नंतर पाऊस लागला. ढिगारा उपसताना एका जवानाला देवळीच्या दगडांखाली पिस्तूल सापडले. त्याने चिखल पुसून ते अण्णांच्या हातात दिले आणि विचारले, "बाबा, ये आपका है?" घरातल्या शंभर वस्तूंपैकी तेवढी एक ओळखू येण्यासारखी होती.

पत्र्याच्या शेडमधून आम्ही पुढे नव्या गावात आलो. सरळ रस्ते, ओळीने घरे, डोक्यावर काही जड नाही. पिस्तूल ट्रंकेत गेले. दरवर्षी खंडेनवमीला बाहेर यायचे, कुंकू लावून घ्यायचे आणि परत आत. अशी बत्तीस वर्षे गेली आणि नळीवर तांबडा गंज साठला.

म्हणून मी बाजारात चौकशी केली. गंज घालवायचे उपाय उदंड आहेत. पॉलिश पेपर आहे, ॲसिड आहे, वर काळेपणा आणायला सेलेनियमच्या क्षाराच्या तयार बाटल्या आहेत. फडक्याने पुसले की पाच मिनिटांत नळी काळी. पण सगळ्यांची पहिली अट एकच. आधी गंज संपूर्ण काढा. मी पॉलिश पेपर आणून अंगणात बैठक मारली. अण्णा बाजेवरून पाहत होते. वय ब्याऐंशी, पण कान शाबूत.

"काय करायलास?"

"गंज काढतोय, अण्णा."

"काढायचा न्हाई."

"का?"

"तुझ्या आज्जीचं कुंकू हाय त्यात."

आता काय बोलणार? तांबडे काय काय आहे आणि कोणाचे कोणते, हे सांगणार कोण? बँकेत सही पडताळायची सोय असते. कुंकू आणि गंज पडताळायची नसते. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यामुळे मला आठवला घसारा. घसाऱ्याच्या दोन पद्धती आहेत. सरळ रेषेच्या पद्धतीत वस्तूची किंमत ठरलेल्या वर्षांत शून्य होते. घटत्या शिलकीच्या पद्धतीत ती दरवर्षी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. अण्णांचे पिस्तूल या दुसऱ्या वहीत होते. मी पॉलिश पेपर गुंडाळून ठेवला.

मार्ग दाखवला तो आमच्या बँकेच्या बंदूकवाल्या गार्डने. हे निवृत्त हवालदार आहेत. दिवसभर दुनळी मांडीवर घेऊन बसतात आणि पासबुक भरायच्या रांगेत शिस्त ठेवतात. त्यांनी सगळी हकिगत ऐकली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, गंज मारायचा कशाला? शिजवायचा."

मला वाटले, हवालदारांना ऊन लागले. पण पुढे वाचून पाहिले, तर शब्द न् शब्द खरा. बंदुकीच्या नळीला निळसर काळा रंग द्यायची जुनी रीत हीच. आधी नळीवर मुद्दाम बारीक गंज आणतात, मग ती पाण्यात उकळतात. तांबड्या गंजात दोन लोखंडाला तीन प्राणवायू असतात. उकळून तो काळा होतो, त्यात तीन लोखंडाला चार. माझा रसायनशास्त्राशी संबंध चहापुरता, पण गुणोत्तर मला कळते. तांबडा गंज भुसभुशीत, पापुद्रे सोडत आतल्या लोखंडाला खात जाणारा. काळा घट्ट बसतो, तेल धरून ठेवतो आणि पुढच्या गंजाला आडवा येतो.

मी अण्णांकडे गेलो.

"अण्णा, काढत नाही. उकळतो."

"मग गंज जातो कुठं?"

"पापुद्रे सुटतील तेवढे सुटतील. बाकीचा जात नाही. तिथंच राहतो, फक्त काळा होतो."

अण्णा विचारात पडले. मी बँकेच्या भाषेत सांगितले, "थकलेलं कर्ज आम्ही राइट ऑफ करतो ना, तसं. लोकांना वाटतं माफ झालं. माफ होत नसतं. एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात बसतं, एवढंच."

अण्णांनी एकेकाळी पीककर्ज काढले होते. त्यांना लगेच पटले. "कर मग," म्हणाले.

साहित्य जमवले. नळी वेगळी केली, कारण आतल्या कातडी वॉशरला गरम पाणी चालत नाही. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुतला. बोट लागले की तिथे तेल लागते आणि तेवढी जागा रंग धरत नाही, म्हणून हातमोजे घातले. नळाच्या पाण्यात क्षार असतात, तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर काढले. ते संपल्याचे घरच्यांना वीज गेल्यावर कळले. जिथे लोखंड उघडे होते तिथे गंज आणायला दमट हवा हवी. आमच्याकडची हवा पापड वाळवायची. म्हणून नळी दोरीने न्हाणीघरात, गरम पाण्याच्या बादलीवर टांगली. त्याच दिवशी मेव्हणे आले. हातपाय धुवायला आत गेले आणि तसेच कोरडे बाहेर आले. बहिणीला हळूच म्हणाले, "ताई, घरात सगळं ठीक आहे ना?"

राहिले भांडे. नळी पूर्ण बुडेल असे उभट भांडे म्हणजे आमच्याकडचा गंज. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, गंज म्हणजे उभ्या काठाचे मोठे पातेले. बायको भाकरी थापत होती.

"अगं, गंज दे जरा."

"कशाला?"

"गंज शिजवायला."

तिने परातीतला हात तसाच ठेवला. "गंजात गंज शिजवणार?"

"हो."

"अहो, तो कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत टीसी होता. २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. आणि तुम्ही बंदूक घेतली, तर चुलीवर ठेवताय."

पण गंज मिळाला, स्टीलचा. पाण्याला आधण आले, नळी तारेने अडकवून आत सोडली. पंधरा मिनिटांत पाणी तपकिरी झाले आणि नळी काळ्या मखमलीसारखी वर आली. बारीक तारेच्या काथ्याने ती हलकेच घासायची, सुटेल ती काजळी जाऊ द्यायची, परत न्हाणीघर, परत गंज. असे सहा वेळा. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक खेपेला नळी वर निघाली की वाकून पाहत आणि विचारत, "हाय का?" मी म्हणे, "आहे." सहाव्या खेपेनंतर त्यांनी विचारले नाही.

पिस्तूल स्वस्तातले, त्यामुळे सगळ्याच अंगाला हा मान मिळाला नाही. मुठीचा सांगाडा ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा. त्याला काळा गंज चढत नाही, तेव्हा त्याला काळा एनॅमल लावला. मुठीच्या लाकडी फळ्यांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख दिली. माशी तिरकी होती, तशीच ठेवली. नळीला तेल देऊन एक रात्र टांगली. सकाळी पाहिले तर पिकल्या जांभळाचा रंग. गंजाने पाडलेले खड्डे मात्र तसेच आहेत, देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे. ते घालवायचे तर पोलाद घासावे लागले असते.

खंडेनवमीला विळे-खुरपी मांडली. फाळ आता नाही, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. मधोमध पिस्तूल ठेवले. अण्णांनी कुंकवात बोट बुडवले आणि नळीवर ओढले. इतकी वर्षे तांबड्यावर तांबडे लागत होते, लावले काय आणि न लावले काय, दिसतच नव्हते. काळ्यावर ते ठसठशीत उमटले. अण्णा बराच वेळ बघत बसले. मग आईला हाक मारून म्हणाले, "बघ गं, दिसायलंय."

पिस्तुलाची गोष्ट इथे मिटली, पण गंजाची राहिली. त्याच्या आतल्या कडेला जी काळी रेघ बसली ती चिंचेने निघाली नाही, राखेने निघाली नाही. बायकोने त्यात पुन्हा आमटी करायला साफ नकार दिला. त्यात आता झेंडू ठेवतात. दिवाळीला उमरग्याहून नवा गंज आणला. दुकानदाराने पावती फाडली, 'स्टील गंज, १ नग'. ती मी जपून ठेवली आहे. शाखेची तपासणी करायला येणारे एक साहेब मित्र आहेत. त्यांना ती दाखवून विचारणार आहे, हा खर्च दुरुस्तीत धरायचा की भांडवली.