जाळं न टाकण्याची रात्र

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या तलावांवर जाळं पडत नाही. पाहुण्याला वाटतं, सण आहे म्हणून सुट्टी असेल. पण त्याही रात्री पाण्यात हवा मिसळणारे एरेटर चालू असतात आणि कुणीतरी टॉर्च घेऊन बांधावरून फिरत असतं. जाळं पडत नाही, कारण ती अमावास्या असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते. जुन्या कवचातून नुकतीच बाहेर आलेली कोळंबी बोटांनी दाबली तर भिजल्या कागदासारखी लागते. अशी कोळंबी बर्फाखाली चेपते, तिचं डोकं सुटतं आणि वजनकाट्यापाशी खरेदीदार तिला बाजूला काढतो. चार महिने वाढवलेलं पीक एका चुकीच्या तिथीमुळे निम्म्या किमतीचं होऊ शकतं.

मी रायगडच्या खारपट्ट्यात कोळंबीच्या काढणीचं काम करतो. शेतावर सगळे ‘हार्वेस्टिंग’च म्हणतात. बी सोडणं, खाद्य घालणं, पाणी सांभाळणं ही कामं तलावाच्या मालकाची आणि तिथल्या तंत्रज्ञाची. आम्हाला बोलावणं येतं ते अगदी शेवटी. आम्ही येतो, एका रात्रीत तलाव रिकामा करतो आणि पहाटे निघून जातो. त्यामुळे काढणी म्हणजे नुसती अंगमेहनत, असं लोकांना वाटतं. हजेरीच्या वहीत माझं नाव कितीतरी वर्षं ‘मजूर’ या शब्दाखाली लागत होतं. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की काढणी करणाऱ्याची खरी विद्या जाळं ओढण्यात नाही. जाळं कधी टाकायचं नाही, हे ओळखण्यात आणि ते मालकाच्या तोंडावर सांगण्यात ती आहे.

आमच्याकडचे तलाव खाडीच्या काठाला आहेत. पूर्वी इथे भाताची खाचरं होती. बांध फुटून खारं पाणी शिरलं, जमीन पडीक झाली आणि त्यातल्या काही ठिकाणी पुढे कोळंबीचे तलाव आले. तलावाचं पाणी बाहेर काढायचं तर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत सोडायचं. ते उतरणार ओहोटीवर. ओहोटी सगळ्यात खोल जाते ती उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला. पाणी झपाट्याने उतरायला हेच दिवस सगळ्यात चांगले, आणि कोळंबी मऊ असण्याचे दिवसही नेमके हेच! अष्टमी-नवमीला भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. तेव्हा कवच घट्ट असतं, पण खाडीचं पाणी पुरेसं खाली जात नाही आणि तलाव अर्धवट भरलेला राहतो. मग पंप लावा, डिझेल जाळा. या दोहोंच्या मधले दोन-तीन दिवसच आमच्या हातात असतात. मी शक्यतो पंचमी-षष्ठी धरतो. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा ओहोटी रात्री दहा-अकराच्या सुमाराला सगळ्यात खाली जाते. आठला उघाडीची फळी उचलली की गारव्यात काम होतं आणि ऊन यायच्या आत माल गाडीत चढतो. अजूनही मी काढणीची तारीख कॅलेंडरवरच्या तिथी बघूनच पक्की करतो.

पण तिथी हा फक्त अंदाज. खरं काय ते कोळंबीच सांगते. काढणीच्या आदल्या दिवशी मी तलावाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतो. प्रत्येक पागेतली कोळंबी हातात घेऊन डोक्यामागच्या कवचावर अंगठा टेकवतो आणि हलकंच दाबतो. घट्ट कवच नखासारखं परत वर येतं. मऊ कवच दबतं आणि दबलेलंच राहतं. या दोन्हींच्या मधलीही एक अवस्था असते. तीत कवच घट्ट लागतं, पण खाली नवं कवच तयार होऊन जुनं सैल पडायला लागलेलं असतं. अशी कोळंबी आज चांगली दिसते आणि उद्या रात्री मऊ निघते. ती ओळखायला मला तीन हंगाम लागले. शंभर कोळंबीत पाचाहून जास्त मऊ लागल्या, तर मी काढणी पुढे ढकलायला सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी हे सांगू शकलो नाही. चूकही माझीच होती. एक एकराचा तलाव, अंदाजे तीन टन माल. रात्री पाणी लवकर उतरावं म्हणून मी दोन दिवस आधीच तलाव निम्म्यावर आणायला सांगितलं. पाग टाकली तेव्हा सगळं ठीक होतं. पण पाण्याची पातळी, क्षारता किंवा तापमान अचानक बदललं की कोळंबीवर ताण येतो आणि ती वेळेआधी कात टाकते, हे मी तोवर नुसतं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. काढणीच्या रात्री जाळ्यात आलेला पहिला ढीग हातात घेतला आणि पोटात गोळा आला. प्रत्येक मुठीत तीन-चार मऊ. तोवर बर्फ येऊन पडला होता, गाडी उभी होती, टोळी पाण्यात उतरली होती. मी गप्प राहिलो. पहाटे खरेदीदाराने सहाशे किलो माल वेगळा काढून जवळपास फुकट उचलला. तलावाचे मालक मला एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या पिकाचं बी त्यांना उधारीवर आणावं लागलं, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. आता पाणी उतरवायचं ते त्याच संध्याकाळी, आणि तेही बेताने.

काढणीच्या रात्रीचा क्रम बाहेरून सोपा दिसतो. खाद्य काही तास आधीच बंद केलेलं असतं, कारण पोट भरलेली कोळंबी मेल्यावर डोक्याकडून लवकर सडते. उघाडीच्या तोंडाला पिशवीसारखं लांब जाळं बांधतात. पाण्याच्या ओढीबरोबर कोळंबी त्यात येते आणि दर काही मिनिटांनी जाळ्याचं शेपूट सोडून ती क्रेटमध्ये ओततात. पाणी उतरत जातं तसं तेवढ्याच कोळंबीला कमी पाणी उरतं आणि प्राणवायू भराभर घटतो. एरेटरची पाती पाण्याबाहेर आली की ते बंदच करावे लागतात. मग शेवटचा तास धावपळीचा. तळाच्या काळ्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातात, कुजक्या अंड्यासारखा वास उठतो आणि टोळीतल्या बायका वाकून राहिलेली कोळंबी हाताने वेचतात. कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा हातमोज्यातूनही टोचतो. सकाळी त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असते. ती बोटं मी वर्षानुवर्षं बघतो आहे. या व्यवसायाच्या प्रगतीबद्दल कुणीही बोलायला लागलं की मला आधी तीच आठवतात.

क्रेटमधून कोळंबी थेट बर्फाच्या पाण्यात जाते. हे पाणी शून्य अंशाच्या जवळ असायला हवं. त्यात कोळंबी लगेच गारठून मरते आणि मांस घट्ट राहतं. माल जेवढा, निदान तेवढाच बर्फ, हा आमचा हिशेब. तीन टन मालाला तीन टन बर्फ, आणि तोही लाद्या फोडून बारीक केलेला. मोठा तुकडा कोळंबीला चेपतो आणि दोन तुकड्यांमध्ये हवा राहते. हवा राहिली की काळे डाग. हे डाग सडल्याचे नसतात. कोळंबीच्या अंगातलंच एक विकर प्राणवायूशी मिळून ते तयार करतं, सफरचंद कापून ठेवलं की काळवंडतं तसंच. पण गिऱ्हाइकाला ते सडल्याचेच वाटतात. ते टाळण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात माल बुडवतात. या पावडरीतून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. दम्याच्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. बंद गाडीत किंवा छपराखाली ही पावडर कालवू नये, तोंडाला साधं फडकं बांधून कालवू नये, मूठमूठ अंदाजाने टाकू नये. मी माझ्या टोळीला हे प्रत्येक रात्री नव्याने सांगतो. कंटाळले तरी सांगतो.

मग काउंट. एक किलोत किती नग बसतात त्यावर भाव. पन्नासचा काउंट म्हणजे नग वीस ग्रॅमचा, चाळीसचा म्हणजे पंचवीस ग्रॅमचा. दोघांत किलोमागे ३० रुपयांचा फरक धरला तरी तीन टनांवर तो ९० हजारांचा होतो. म्हणून मालकाला वाटतं, अजून पंधरा दिवस ठेवू. पण पंधरा दिवसांचं खाद्य, वीज आणि रोगाची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९४-९५ पासून देशातल्या कोळंबीपालकांचं कंबरडं मोडत आला आहे. ठिपके दिसले की रातोरात काढणी करावी लागते. त्या रात्री एक नियम कधीही मोडायचा नाही. तलावाचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही, कारण तेच पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या तलावात शिरतं. मी असं पाणी सोडायला नकार देऊन कामं गमावली आहेत. त्याचं वाईट वाटत नाही.

आता पुढचं. मुलं मला विचारतात, काका, या कामाला भविष्य आहे का? माझं उत्तर हो असंच आहे, पण आज हे काम जसं चालतं तसंच चालू राहिलं तर नाही. आपण पाळतो ती व्हेनामी कोळंबी मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. तिला भारतात २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. २०२४-२५ मध्ये देशाची सागरी उत्पादनांची निर्यात ६२,४०८ कोटी रुपयांची झाली. त्यात गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४३,३३४ कोटींचा, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा त्याचा धक्का आंध्रापासून आमच्या खारपट्ट्यापर्यंत पोचला. खरेदीदार फोन उचलेनात. ज्यांचे तलाव तयार होते त्यांना काढावं की थांबावं हे कळेना. एका बाजाराच्या भरवशावर उभं राहणं किती धोक्याचं आहे, हे त्या दिवसांत बांधावरच्या प्रत्येकाने पाहिलं.

म्हणून मला वाटतं, यापुढे मुंबई-पुण्याचा बाजार आपण मनापासून धरला पाहिजे. त्याला एका रात्रीत तीन टन नकोत. आठवड्याला दोन-तीनशे किलो ताजी, एकसारख्या आकाराची कोळंबी हवी. अशी थोडी थोडी काढणी करणं पूर्ण तलाव उपसण्यापेक्षा अवघड आहे. मोठा नग जाळ्यात यावा, लहान निसटावा, गाळ ढवळू नये, उरलेल्यांवर ताण येऊन त्यांनी कात टाकू नये, हे सगळं सांभाळायचं. हे काम रोजंदारीवर जमवलेल्या टोळीचं नाही. शिकलेल्या, कायम नोकरीतल्या माणसाचं आहे.

यंत्रं येणारच. नॉर्वेत सामन मासा पंपाने ओढून थेट कारखान्यात नेतात आणि बधिर करून मग मारतात. कोळंबीसाठीही पंप आहेत. ते आपल्याकडे यावेत, त्या बायकांची बोटं वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने कोळंबी-खेकड्यांनाही वेदना जाणवणारे प्राणी मानलं आहे. त्यामुळे मालाबरोबर तो मेला कसा, हेही उद्या गिऱ्हाईक विचारील. युरोपला जाणाऱ्या मालाची क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांसाठी काढणीपूर्व चाचणी होतेच. कोणत्या तलावातून, कोणत्या दिवशी, किती अंशाच्या पाण्यात, ही सगळी नोंद काढणी करणाऱ्यानेच ठेवायची आहे. ज्याच्या हातात पाग आहे त्याच्या खिशात थर्मामीटर आणि वहीही हवी. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला, तो तलावमालकांच्या उपयोगाचा आहे. माझी मागणी लहान आहे. हजेरीच्या वहीत या कामाला स्वतःचं नाव मिळावं, आणि ‘आज काढायचं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार त्या नावाबरोबर यावा.

गेल्या हंगामापासून माझ्याबरोबर गावातली एक मुलगी येते. बारावीनंतर घरी बसली होती. पाग तिला अजून पूर्ण उघडता येत नाही, पण हात फार सावध आहे. परवा एका तलावावर मी चार कोपरे पाहिले, सगळं घट्ट. मालकांना हो म्हणणार, तेवढ्यात ती मधल्या पागेतली एक कोळंबी घेऊन आली.

“काका, ही बघा. वरून घट्ट आहे, पण कवच आतून सुटलंय.”

मी अंगठा टेकवला. खरंच सुटलं होतं. तिने आणखी वीस काढून दाखवल्या, त्यांतल्या सहा तशाच होत्या. मी काही बोलायच्या आत ती मालकांकडे वळली.

“दादा, आज नको. चार दिवस थांबू या.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते बांधावरच बसले आणि बर्फाच्या कारखान्याला फोन लावला.