दाखला उघडून वाचा

कायद्याच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की न्यूयॉर्कचा एव्हियांका खटला सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विमानातली ट्रॉली गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलांनी दाखल केलेले अनेक निवाडे कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने ते पक्षकारांच्या नावांसकट रचले होते. जून 2023 मध्ये न्यायाधीश कॅस्टेल यांनी 5,000 डॉलर दंड ठोठावला. मुलं हसतात. मग मी सांगतो, की शोध घेणाऱ्या वकिलाची वकिली तीस वर्षांहून जास्त होती, आणि त्याने यंत्राला विचारलंही होतं, हे निवाडे खरे आहेत ना? यंत्र हो म्हणालं. ज्याच्या सांगण्याबद्दल शंका, त्यालाच साक्षीला उभं करण्याचा हा प्रकार.

हे तिकडे अमेरिकेत, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. इथे चूक वकिलाची नव्हती, निर्णय देणाऱ्या खात्याची होती.

तरीही यंत्र वर्गाबाहेर ठेवा, हा उपाय मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली 2019 पासून आहे. शेकडो पानांच्या कागदपत्रांतून तारखांचा तक्ता काढणं यंत्राला झटपट जमतं. तेवढ्यासाठी ज्युनियरने रात्र जागवावी असं मी म्हणणार नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ज्युनियर त्या रटाळ कामातच घडत असे. सिनियर सांगत, अमुक मुद्द्यावर निवाडा शोध. तो शोधताना आणखी दहा डोळ्यांखालून जात, आणि त्यातले चार आपल्या विरोधात आहेत हे कोर्टात उभं राहण्याआधीच कळत असे. हेडनोट एक सांगते आणि आतला परिच्छेद दुसरंच, हा धक्का प्रत्येकाने एकदा खाल्लेला असे. आता सारांश आयता मिळतो. तो बरोबर असला, तरी बरोबर आहे हे ओळखणारी नजर कुठून यायची?

आणि गुपिताचं काय? भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 नुसार अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला उघड करता येत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्र कसं लिहून घेतलं, हे अशील दार लोटून, आवाज खाली आणून सांगतो. तेच आपण मोबाइलवरच्या फुकट चॅटबॉटमध्ये टाइप करायचं? यावर मुलं गप्प होतात, कारण बहुतेकांनी इंटर्नशिपमध्ये असलं काही केलेलं असतं.

त्यामुळे मी आता निबंध घरून लिहून आणायला सांगत नाही. यंत्राचं उत्तर वर्गातच काढायचं, त्यातला प्रत्येक दाखला मूळ निकालात उघडायचा, परिच्छेद क्रमांक दाखवायचा आणि उरलेल्या प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यायची. तास संपतो, दोनच दाखले तपासून होतात. चालेल.

आमच्या परीक्षेत मात्र अजून ‘टिपा लिहा’ असतं. टिपा यंत्र आमच्यापेक्षा चांगल्या लिहितं. अभ्यासक्रमात एआयचा नवा पेपर घालण्याआधी ही जुनी प्रश्नपत्रिका बदला, एवढंच माझं अभ्यास मंडळाला सांगणं आहे.